माशीच्या डोळ्यातली वजाबाकी

माशीला कोणता प्रकाश दिसतो, हे तिला विचारता येत नाही. पण तिच्या डोळ्यातले रंगद्रव्य कोणता प्रकाश शोषते, हे मोजता येते. सूक्ष्मदर्शकातून बारीक झोत पेशीत सोडायचा आणि पलीकडे किती पोहोचला ते पाहायचे. गोम अशी, की मोजणारा प्रकाशच त्या द्रव्याला बदलतो. शिवाय डोळ्यातले इतर पदार्थही प्रकाश शोषतातच. मग कोणी किती शोषला, हे कसे ठरवायचे?

यावरची तोड मला फार आवडते. आपल्या डोळ्यातले द्रव्य उजेडाने फिके पडते. कॅलिफोरा या निळ्या माशीचे तसे होत नाही. तिचे ऱ्होडॉप्सिन ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश सर्वाधिक शोषते आणि त्याचे मेटाऱ्होडॉप्सिन बनते. हे नवे द्रव्य ५८० च्या आसपासचा पिवळा प्रकाश शोषते आणि लाल प्रकाश दिला की पूर्ववत होते.

म्हणून एकदा निळ्या प्रकाशानंतर आणि एकदा लाल प्रकाशानंतर, अगदी मंद झोताने मोजायचे व दोन्ही आकड्यांची वजाबाकी करायची. जे बदलत नाही ते सारे गळून पडते. उरतो तो केवळ दृष्टिद्रव्याचा फरक.