झेंड्याची अट

१९२३ च्या मार्चमध्ये जबलपूर नगरपालिकेचे अध्यक्ष कंछेदीलाल जैन यांनी जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर हॅमिल्टन यांच्याकडे एक परवानगी मागितली. राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जमनालाल बजाज, देवदास गांधी ही काँग्रेसची मंडळी शहरात येणार होती. त्यांच्या सन्मानार्थ टाउन हॉलवर चरख्याचा झेंडा लावायचा होता. साहेबांनी नकार दिला नाही. लावा म्हणाले, फक्त शेजारी युनियन जॅकही लावा.

टाउन हॉल पालिकेच्या ताब्यातला आणि अध्यक्ष पालिकेचे. तरीही कोणता झेंडा लावायचा हे बाहेरच्या माणसाला विचारावं लागलं, आणि त्याने ते ठरवलंही. जबलपूरच्या झेंडा सत्याग्रहाची हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यात मिरवणूक असते, लाठ्या असतात, तुरुंग असतो. त्याआधीचा हा कागदी भाग मात्र वगळला जातो. गावच्या कारभाऱ्याच्या निष्ठेबद्दल सरकारला शंका आली की नेमकं काय घडत असे, हे या कागदी भागातच दिसतं.

आधीच्या वर्षापासून सुरुवात करू. असहकाराची चळवळ थांबली होती, गांधीजी तुरुंगात होते, आणि देश पुन्हा कायदेभंगाला तयार आहे का हे पाहण्यासाठी काँग्रेसने एक चौकशी समिती नेमली होती. हकीम अजमल खान, मोतीलाल नेहरू, विठ्ठलभाई पटेल, राजगोपालाचारी यांच्यासारखे लोक तिच्यात होते. ही समिती १९२२ मध्ये जबलपूरला आली, तेव्हा व्हिक्टोरिया टाउन हॉलवर काँग्रेसचा झेंडा चढला. राणीच्या नावाच्या इमारतीवर तो फडकल्याची बातमी लंडनपर्यंत गेली. पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला आणि भारतखात्याचे उपमंत्री लॉर्ड विंटरटन यांना असं पुन्हा होणार नाही म्हणून आश्वासन द्यावं लागलं. मार्चमध्ये हॅमिल्टनसाहेबांपुढे कंछेदीलालजींचा अर्ज आला तेव्हा हे आश्वासन त्यांच्या डोक्यावर होतं. एका जिल्हा अधिकाऱ्याने मंत्र्याचा शब्द खोटा पाडायचा कसा?

पण साहेबाला हा अधिकार आला कुठून? जबलपूरची नगरपालिका १८६४ सालची. सुरुवातीला अशा समित्या म्हणजे कलेक्टर कचेरीच्याच फांद्या होत्या: साहेब अध्यक्ष, बाकीचे नेमलेले. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि निवडून आलेल्या, बिनसरकारी माणसांना वाव दिला. कारभार लोकांनी करावा, चुका करत शिकावं, आणि सरकारने आतून हुकूम न देता बाहेरून नजर ठेवावी अशी त्यातली कल्पना होती. हेतू चांगलाच होता. पण बाहेरून नजर ठेवणारा माणूस कोण? जिल्ह्याचा महसूल, शांतता आणि पोलीस ज्याच्या हाती, तोच. अध्यक्षपद त्याच्याकडून गेलं, देखरेख राहिली.

१९१९ च्या सुधारणांनी यात आणखी एक गाठ मारली. प्रांतातली खाती दोन गटांत विभागली गेली. शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही 'सोपीव' खाती भारतीय मंत्र्यांकडे, तर पोलीस, महसूल आणि कायदा-सुव्यवस्था ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलरांकडे. म्हणजे टाउन हॉलचं छप्पर, त्याचा पन्हाळी नळ आणि झाडूवाल्याचा पगार ही बाब मंत्र्याच्या दप्तरात, आणि त्याच छपरावरच्या झेंड्याची बाब गव्हर्नरच्या दप्तरात. दोन्ही दप्तरं जिल्ह्यात मात्र एकाच टेबलावर येत, ते टेबल डेप्युटी कमिशनरचं. मध्य प्रांताचा नगरपालिका कायदा १९२२ चा, म्हणजे या घटनेच्या वेळी अगदी ताजा. मतदारांना नवे हक्क मिळाले होते, पण ठरावाला स्थगिती देण्याची आणि पालिकाच बरखास्त करण्याची तरतूद जुनीच होती.

स्थगितीचं तंत्र असं. पालिकेच्या सभेत ठराव होतो, त्याची नक्कल जिल्हा कचेरीत जाते. ठराव कायद्याबाहेरचा आहे, किंवा त्याने शांतता बिघडेल असं साहेबाला वाटलं तर तो अंमलबजावणी थांबवतो आणि वर कळवतो. यात कोणावरही राजद्रोहाचा शब्द येत नाही. कारभाऱ्याला कोर्टात उभं करावं लागत नाही, पुरावा द्यावा लागत नाही. 'शांतता बिघडण्याचा संभव' हे कारण पुरतं, आणि संभव नाही हे सिद्ध करणं कोणालाच शक्य नसतं. माझ्या मते या यंत्रणेची खरी हुशारी इथेच आहे. निष्ठेचा प्रश्न विचारायचा, पण त्याला कारभाराच्या चुकीचं नाव द्यायचं.

हा डाव इंग्रजांनी हिंदुस्थानात येऊन शोधलेला नाही. स्वतःच्या बेटावर ते तो शतकानुशतकं खेळत आले होते. स्कॉटलंडमधली शहरं पूर्वी 'बर्ग' म्हणून ओळखली जात. त्यांच्या कौन्सिलांवर व्यापारी आणि कारागिरांच्या पुढाऱ्यांचा ताबा असे, आणि राजा बदलला की कौन्सिलवर संशय यायचा. १६८१ मध्ये 'टेस्ट' नावाची शपथ आली. पदावर राहायचं तर ती घ्यायची. सातव्या जेम्सने तर १६८६ मध्ये बर्गांच्या निवडणुकाच थांबवल्या आणि आपल्या पसंतीची माणसं नेमली. तो परागंदा झाल्यावर १६८९ मध्ये नव्या सत्तेने पुन्हा मतदान घ्यायला लावलं, साहजिकच आता आपल्या पसंतीची माणसं यावीत म्हणून.

यापेक्षा बोलकं प्रकरण एडिंबरोच्या आर्चिबाल्ड स्ट्यूअर्टचं. तो शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखा. सप्टेंबर १७४५ मध्ये राजपदावर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्डची डोंगराळ फौज शहराच्या वेशीवर आली. तटबंदी जुनी, शिबंदी अपुरी, नागरिकांत एकमत नाही. १७ सप्टेंबरला पहाटे एक दरवाजा उघडा सापडला आणि फौज आत शिरली. पुढे स्ट्यूअर्टला पकडलं, लंडनच्या टॉवरमध्ये वर्षाहून अधिक काळ ठेवलं, आणि १७४७ मध्ये एडिंबरोलाच खटला चालवला. सगळ्यांच्या मनात संशय होता तो फितुरीचा. आरोपपत्रात लिहिलं ते कर्तव्यात कसूर केल्याचं. शहराचा बंदोबस्त नीट का केला नाही, तोफा वेळेवर का आणल्या नाहीत, असे प्रश्न. ज्युरीने त्याला सोडून दिलं. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने त्याच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली होती. तटाची अवस्था आणि माणसांची संख्या पाहता दुसरा कोणी असता तरी शहर वाचलं नसतं, असा त्याचा रोख.

फितुरी सिद्ध करायला मन वाचावं लागतं, तर कसुरीसाठी वही तपासली की झालं. हिंदुस्थानातल्या नगरपालिकांच्या बाबतीत सरकारने हाच रस्ता धरला, आणि त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण जबलपूरच्या एक वर्ष आधीचं आहे. अहमदाबादच्या पालिकेने १९२१ मध्ये प्राथमिक शाळांसाठी सरकारी अनुदान नाकारलं आणि सरकारी तपासनीसही नाकारले. शाळा आमच्या, खर्च आमचा, तपासणी कशाला, असा प्रश्न वल्लभभाई पटेलांसारख्या नगरसेवकांचा. नडियाद आणि सुरतेलाही हेच झालं. सरकारने उत्तर दिलं ते हिशेबाच्या भाषेत: कायद्याने सरकारी देखरेख असलेल्या शाळांवरच खर्च करता येतो, म्हणून हा खर्च बेकायदा. फेब्रुवारी १९२२ मध्ये अहमदाबादची पालिका बाजूला सारून तिच्या जागी नेमलेली समिती बसवली. शिवाय नगरसेवकांनी हे पैसे स्वतःच्या खिशातून भरावेत म्हणून दावा लावला. तो कोर्टात टिकला नाही. पण एका गुजराती व्यापाऱ्याला किंवा वकिलाला असा दावा लागणं म्हणजे काय, हे ज्याने दिवाणी कोर्टाची पायरी चढली आहे त्याला सांगायला नको.

जबलपूरला पैशाचा प्रश्न नव्हता, म्हणून ही किल्ली लागू पडत नव्हती. बरखास्त करावं इतका मोठा गुन्हाही झाला नव्हता, एक अर्ज आला होता. तिथे हॅमिल्टनने अट घातली, आणि ती पाहण्यासारखी आहे. दोन्ही झेंडे लावा, यात वरकरणी केवढा समंजसपणा! नकार दिला असता तर आरडाओरडा साहेबाच्या नावाने झाला असता. अट घातल्याने नकार द्यायची पाळी समोरच्यावर आली. पालिकेने दोन झेंडे लावले तर निष्ठा जाहीर झाली, नाही लावले तर बेइमानी जाहीर झाली. टेस्टच्या शपथेत शब्द तरी असत, इथे कापडाने काम भागलं. काँग्रेसने आधीच आपल्या लोकांना नेमलेल्या जागांचे राजीनामे द्यायला सांगितलं होतं. १९२० च्या कलकत्त्याच्या खास अधिवेशनात तसा ठराव झाला होता, पण निवडून आलेल्या जागा सोडायला त्यात सांगितलं नव्हतं. त्यामुळे जबलपूरसारख्या पालिकेत बसलेली माणसं कायद्याने सरकारी चौकटीत आणि मनाने तिच्याबाहेर होती. अट अगदी या फटीवरच बोट ठेवणारी होती.

काँग्रेसने ती मानली नाही, आणि मग प्रकरण पालिकेच्या हातून निसटलं. नगर काँग्रेस समितीचे अध्यक्ष पंडित सुंदरलाल यांनी तारीख धरली १८ मार्च. वर्षापूर्वी याच दिवशी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. सुंदरलाल, सुभद्राकुमारी चौहान, त्यांचे पती लक्ष्मणसिंह, नाथूराम मोदी असे लोक स्वयंसेवकांसह टाउन हॉलकडे निघाले. पोलिसांनी अडवलं, पकडापकडी झाली, सुंदरलालांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. इकडे गोंधळात उस्ताद प्रेमचंद जैन आणि त्यांचे तीन साथी वर चढले आणि झेंडा लावून मोकळे झाले. त्या तिघांपैकी एकाचं नाव सीताराम जाधव. हिंदी मुलखातल्या शहरात हे नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतोच. अठराव्या शतकात सागरच्या मराठ्यांपासून नागपूरकर भोसल्यांपर्यंत या भागावर मराठी अंमल होता, त्याचे धागे असे अनपेक्षित जागी सापडतात. जाधवांना लाठ्या इतक्या बसल्या की दात पडले, असं जबलपूरमध्ये सांगतात.

पुढची हालचाल नागपूरला झाली, आणि तिथे मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांतले लोक येऊन मिळाले. प्रांताची राजधानी तिथे, गव्हर्नर सर फ्रँक स्लाय तिथे, आणि प्रश्नही बदललेला. आता नगरपालिकेची इमारत नव्हती, सिव्हिल लाइन्समधला रस्ता होता. त्यामुळे पालिकेचा कायदा बाजूला पडला आणि जमावबंदीचं कलम १४४ पुढे आलं. १ मेपासून जथे निघू लागले, १७ जूनला जमनालाल बजाज पकडले गेले, वल्लभभाई आले, विनोबाही तुरुंगात गेले. १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. कोण जिंकलं यावर दोन्ही बाजूंनी आपापली उत्तरं दिली.

यानंतर सरकारची खरी अडचण वेगळीच झाली. बाहेरून दगड मारणारे लोक आत येऊन खुर्चीवर बसले. १९२३ मध्ये जवाहरलाल नेहरू अलाहाबाद पालिकेचे अध्यक्ष झाले. १९२४ मध्ये राजेंद्रप्रसाद पाटण्याला, वल्लभभाई बरखास्तीनंतर पुन्हा निवडून येऊन अहमदाबादला, विठ्ठलभाई मुंबई कॉर्पोरेशनला, चित्तरंजन दास कलकत्त्याला. नळ, गटारं, दिवे आणि शाळा यांच्या कामात हे लोक कमी पडत नव्हते, त्यामुळे कसुरीचं कलम लावायला जागा नव्हती. मध्य प्रांतात तर मार्च १९२४ मध्ये विधिमंडळाने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला आणि सोपीव खाती परत गव्हर्नरकडे गेली. ज्या मंत्र्याच्या दप्तरात नगरपालिका होती, तो मंत्रीच उरला नाही.

कलकत्त्यात सरकारने आवरण काढलं. कॉर्पोरेशनचे मुख्य कार्यकारी अधिकारी सुभाषचंद्र बोस यांना ऑक्टोबर १९२४ मध्ये उचललं. सत्तावीस वर्षांचा अधिकारी, कामाबद्दल तक्रार नाही, आरोपपत्र नाही, खटला नाही. सुरुवातीला काही दिवस अलीपूरच्या तुरुंगात त्यांच्यापुढे कॉर्पोरेशनच्या फायली येत राहिल्या, आणि ते त्या पाहून सह्या करून परत पाठवत.