फॅरोच्या घरी पाहुणेच नाहीत!

'इजिप्तमध्ये एवढा राडा चालू असताना देवळं बघायला कोण जातं?' हा प्रश्न मला आजवर पन्नास जणांनी तरी विचारला असेल. मी गेलो होतो, नोव्हेंबर 2013 मध्ये. कामासाठी कैरोत होतो, मध्ये चार दिवस मोकळे मिळाले आणि लक्सरचं विमान पकडलं. पण मित्रांनो, हे प्रवासवर्णन नाही (त्याला हात वेगळे लागतात). तिथे एक अस्सल इंजिनिअरिंगचा प्रश्न डोक्यात शिरला, तो तुमच्यापुढे मांडतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. 25 जानेवारी 2011 ला कैरोच्या तहरीर चौकात आंदोलन पेटलं आणि 18 दिवसांत होस्नी मुबारक यांची 30 वर्षांची राजवट संपली. 2012 मध्ये मोहम्मद मोर्सी निवडून आले, 3 जुलै 2013 ला लष्कराने त्यांना हटवलं. ऑगस्टमध्ये शेकडो माणसं मेली, देशात आणीबाणी आणि रात्रीची संचारबंदी लागली. ती उठून जेमतेम काही दिवस झाले होते, तेव्हा मी लक्सरला उतरलो.

लक्सर शांत होतं. नको तेवढं शांत! कर्नाकच्या देवळातल्या त्या 134 अवाढव्य खांबांच्या सभामंडपात मी, एक जपानी आजोबा आणि दोन पोलीस. बस्स. नाईलच्या काठाला क्रूझची जहाजं एकमेकांना खेटून नुसती उभी होती. टांगेवाला 'हिंदी? अमिताभ बच्चन!' म्हणत अर्धा किलोमीटर मागे आला. त्याच्या घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

नदी ओलांडून राजांच्या दरीत गेलो. एका तिकिटात तीन थडगी बघता येतात. आत मी एकटाच, आणि रंग असे की काल दिले असावेत. मनात आलं, वा, या चित्रांना जरा विश्रांती मिळतेय हे बरंच झालं! यात चूक काहीच नाही. मेकॅनिकलवाल्यांनी एसीचा कूलिंग लोड काढताना माणसाचा लेटंट हीट धरलेला आठवत असेल. तो म्हणजेच श्वास आणि घामातून बाहेर पडणारी वाफ. बसलेला माणूस तासाला साधारण 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो, चालणारा त्याच्या दुप्पट-तिप्पट. उकाड्यात जिने उतरून आलेले शंभर जण तासभर आत थांबले, तर बादलीभर पाणी हवेत गेलं म्हणून समजा. ते जाणार कुठे? भिंतीत!

आता सिव्हिलवाल्यांचा विषय. तिथल्या चुनखडीत आणि गिलाव्यात मीठ आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा शोषून विरघळतं, खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. गिलाव्याच्या मागे स्फटिक वाढला की तो गिलाव्याला पुढे ढकलतो आणि चित्रासकट पोपडा खाली. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो, त्याचाच हा प्रकार. राणी नेफरतारीच्या थडग्याची याच मिठाने इतकी दैना केली की ते अनेक दशकं बंद होतं. अमेरिकेतल्या गेटी संस्थेने इजिप्शियन तज्ज्ञांबरोबर 1986 ते 1992 अशी सहा वर्षं त्यावर काम केलं. 1995 मध्ये ते उघडलं, तेही दिवसाला फक्त 150 माणसांसाठी. अजिंठ्यालाही चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, ते याच भीतीने.

मग पर्यटक आलेच नाहीत तर उत्तम, नाही का? मलाही तिथे पाच मिनिटं तसंच वाटलं. पण बाहेर येऊन पहारेकऱ्याशी बोललो आणि गणिताची दुसरी बाजू दिसली. इजिप्तचं पुरातत्त्व खातं मुख्यतः तिकिटांच्या पैशावर चालायचं. पहारेकऱ्यांचे पगार, दुरुस्ती, उत्खनन, सगळं त्यातूनच. 2010 मध्ये सुमारे 1 कोटी 47 लाख परदेशी पाहुणे आले होते, 2011 मध्ये 98 लाख. खात्याची तिजोरीच आटली. आणि पहारा ढिला पडला की काय होतं?

28 जानेवारी 2011 च्या रात्री तहरीर चौकाशेजारच्या संग्रहालयात चोर छतावरून उतरले. बाहेर सामान्य कैरोकर हातात हात घालून साखळी करून उभे राहिले, म्हणून मोठा अनर्थ टळला. चोरीला गेलेली अखेनातेनची एक मूर्ती पुढे एका पोराला कचऱ्याजवळ सापडली आणि परत आली. मल्लावीचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. ऑगस्ट 2013 मध्ये तिथल्या छोट्या संग्रहालयातल्या 1,089 पैकी हजारावर वस्तू लुटल्या गेल्या. जड होत्या त्या जागीच फोडल्या. बऱ्याचशा नंतर परत मिळाल्या, पण तिथला एक कर्मचारी जिवानिशी गेला.

उघड्या माळावरच्या जागांची कथा आणखी वेगळी. सारा पारकॅक या संशोधिकेने 2002 ते 2013 ची उपग्रह छायाचित्रं तपासून चोरट्या खड्ड्यांची मोजणी केली. खड्डे वाढायला लागले ते 2009 पासून, म्हणजे जागतिक मंदीत, क्रांतीच्याही आधी! 2011 नंतर ते आणखी वाढले. म्हणजे नुसत्या राजकारणाला दोष देऊन भागत नाही, चूल पेटत नसली की शेजारच्या टेकडीखालचं सोनं दिसायला लागतं.

थोडक्यात प्रश्न असा: माणसं आत गेली तर भिंत जाते, नाही गेली तर राखणदार जातो. मला विचाराल तर राखणदार जाणं जास्त वाईट. मिठावर उपाय करता येतो, चोरून विकलेली मूर्ती कुठल्या देशात कुणाच्या दिवाणखान्यात गेली ते कळतही नाही.

उपाय झालाही. तुतनखामेनचं थडगं अगदी लहान, आपल्या दोन वर्गखोल्यांएवढं. तिथे गेटीच्या लोकांनी 2009 पासून काम केलं, क्रांतीत ते अडकलं, तरी 2019 च्या सुरुवातीला पुरं झालं. आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड आणि धूळ काबूत ठेवणारी नवी वायुवीजन व्यवस्था बसवली. भिंतींवरच्या तपकिरी ठिपक्यांचीही तपासणी झाली: सूक्ष्मजीवांचेच, पण केव्हाचे मेलेले, आणि 1920 च्या दशकातल्या फोटोंत होते तेवढेच. शिवाय 2014 मध्ये थडग्याची हुबेहूब प्रतिकृती हॉवर्ड कार्टरच्या घराजवळ उघडली, लेझर स्कॅनिंग करून बनवलेली. घाई नको असेल तर तिथे तासभर नाक लावून चित्रं बघा, कुणी हटकत नाही.

2024 मध्ये इजिप्तला सुमारे 1 कोटी 57 लाख पाहुणे गेले, म्हणजे 2010 पेक्षाही जास्त. तेव्हा तुम्ही जाल तेव्हा रांग असणार. सकाळी दरी उघडताच पोचा, पाणी जवळ ठेवा, भिंतीला हात लावू नका आणि टांगेवाल्याशी घासाघीस जरा कमीच करा.