रानवाटेवरची टपालपेटी

टपालपेटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती नाक्यावरची लाल पेटी. पण इंग्लंडात डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं मोठं उजाड पठार आहे. तिथं खडकांच्या कपारीत, गवताच्या आडोशाला कितीतरी ‘टपालपेट्या’ लपवलेल्या असतात. खुणा वाचत, होकायंत्र पाहत, पावलं मोजत त्या हुडकायच्या, हाच खेळ. त्याला म्हणतात लेटरबॉक्सिंग.

सुरुवात मोठी मजेची आहे. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरॉट हा वाटाड्या हौशी मंडळींना क्रॅनमिअर पूल या आडवाटेच्या जागी घेऊन जायचा. नाव ‘पूल’, म्हणजे तळं. प्रत्यक्षात दलदलीचा खोलगट भाग! १८५४ साली त्यानं तिथं एक बाटली ठेवली. एवढा चिखल तुडवत आलात, तर आपल्या नावाचं कार्ड टाकून जा. पुढं लोक तिथं पत्ता घातलेली पत्रंच ठेवू लागले. मागून जो येईल त्यानं ती उचलायची आणि टपालात टाकायची. पत्र पोचणार ते अनोळखी माणसाच्या भरवशावर. आहे की नाही गंमत!

आता पेटीत असते एक वही आणि एक रबरी शिक्का. तुम्ही आपला शिक्का आणि वही घेऊन जायचं. पेटीतल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत, आपला ठसा पेटीतल्या वहीत. बक्षीस नाही, पैसा नाही. १९९८ साली अमेरिकेच्या ‘स्मिथसोनियन’ मासिकात यावर लेख आला आणि तिकडच्या रानवाटांवरही हे वेड पसरलं.

पण तुम्ही म्हणाल, पेटीसाठी माणसं रान तुडवत सुटली तर रानाचं काय? प्रश्न रास्तच आहे. वाट सोडून एकाच खडकाशी शंभर जोडे गेले की तिथलं शेवाळ गेलंच म्हणून समजा. डार्टमूरची काळी पीट माती तयार व्हायला हजारो वर्षं लागली आहेत. विस्टमन्स वूड नावाचं खुज्या ओक वृक्षांचं जुनं रान तिथं आहे. त्यातले धोंडे नि फांद्या शेवाळानं मढलेल्या. बघ्यांच्या पायांनी त्याची इतकी झीज व्हायला लागली की अलीकडे लोकांना आत न शिरता कडेनं पाहण्याची विनंती केली जाते. आणि हे पेट्या शोधणाऱ्यांनी नव्हे, साध्या हौशी पाहुण्यांनी केलं बरं का!

म्हणूनच मला या खेळापेक्षा त्याची शिस्त जास्त आवडली. पेटीसाठी खणायचं नाही, सिमेंट लावायचं नाही, दगड फोडायचा नाही. प्राचीन शिळांच्या रांगा, वर्तुळं, जुन्या भिंती यांत पेटी ठेवायची नाही. धोक्याच्या जागी तर नाहीच. १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याला साखळीनं बांधूनच न्यायचं, कारण चंडोल, टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. आपल्याकडची टिटवीही तशीच, उघड्या माळावर अंडी घालणारी.

आता तुमच्या मनात आलंच असेल, सुटीत मुलांना घेऊन हे करावं का? जरूर करा, पण अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मुळीच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात कचरा टाकायलाच बंदी आहे, आणि विसरलेला डबा म्हणजे कचराच. आजोळची आमराई, ओळखीच्यांचं शेत, सोसायटीची बाग बरी. मालकाला आधी विचारा. आणि मुलांना निक्षून सांगा, दगडाखाली हात घालायचा नाही. आपल्याकडे विंचू असतो! पेटी दिसेल अशीच ठेवावी. झाडाच्या बुंध्याशी, पानांचा पाचोळा न उकरता.

शिक्का घरीच करा. भेंडीचे, बटाट्याचे ठसे मुलांनी शाळेत केलेले असतात, हा त्यांचाच थोरला भाऊ. मोठं खोडरबर घ्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं चित्र काढा आणि ती बाजू रबरावर पालथी घालून चमच्याच्या पाठीनं घासा. चित्र आपोआप उलटं उमटतं, म्हणजे ठसा सुलटा येतो. (नावाची अक्षरं कोरताना हे फार कामी येतं. नाहीतर ‘कमल’चं ‘लमक’ होतं.) कोरायचं काम मात्र ब्लेडनं, तेव्हा ते आईनंच करावं.

डबा घट्ट झाकणाचा हवा. आत वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. चॉकलेटं, गोळ्या, खाऊ काही म्हणजे काही ठेवू नका; वासावर मुंग्या येतात, उंदीर येतात, माकडं तर डबाच पळवतात. डब्यावर ‘हा खेळाचा डबा आहे’ असं ठळक लिहा, म्हणजे कुणी दचकणार नाही. आणि मृगाच्या आधी तो आठवणीनं घरी आणा. भिजलेल्या वहीचा लगदा होतो आणि मुलं हिरमुसतात.