मोजणीतला न दिसणारा बिंदू

हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुरू होतो. असा रस्ता आखायचा असो की शेताची हद्द ठरवायची असो, आता मोजणीला रोव्हर लागतो. काठीच्या टोकावरचा त्याचा अँटेना उपग्रहांचे संकेत टिपतो आणि जागा एक-दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतो. पण ही जागा अँटेनाच्या नेमक्या कोणत्या बिंदूची?

जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. रिसीव्हर या लहरीचा बारीकसा अंशही ओळखतो, म्हणून मोजमाप मिलिमीटरपर्यंत जाते. ते होते अँटेनाच्या ‘कला-केंद्रा’पाशी (फेज सेंटर). हा बिंदू डोळ्यांना दिसत नाही. काठीची उंची मात्र आपण अँटेनाच्या तळापर्यंत धरतो. या दोहोंत काही सेंटिमीटरचे अंतर असते. वारंवारिता बदलली की ते बदलते, आणि उपग्रह डोक्यावर आहे की क्षितिजालगत, यानुसार केंद्र काही मिलिमीटर सरकते.

पूर्वी ओळखीच्या बिंदूवरच्या तळस्थानकावर (बेस) आणि काठीवर एकाच बनावटीचे अँटेना असत. दोन्हींची चूक सारखी असल्याने वजाबाकीत ती उडून जाई. आता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘कॉर्स’ या अखंड चालणाऱ्या स्थानकांवरून दुरुस्ती मिळते. स्थानकाचा अँटेना वेगळा आणि काठीवरचा वेगळा, त्यामुळे चूक आपोआप उडत नाही. तिचा फटका सर्वाधिक बसतो तो उंचीला. दोन हजार मीटरला एक मीटर उतार असलेल्या कालव्याची पातळी शंभर मीटरवर जेमतेम ५ सेंटिमीटर उतरते. तिथे तीन सेंटिमीटरची चूक म्हणजे निम्म्याहून अधिक उतार हरवणे.

अँटेनाच्या या चुकीची पडताळणी मोकळ्या माळावरही करता येते. काही मीटर अंतरावरच्या दोन पक्क्या खुणांवर दोन अँटेना बसवायचे, दोन्हींची उत्तरखूण उत्तरेकडे ठेवायची आणि काही तास निरीक्षण घ्यायचे. मग एकच अँटेना जागच्या जागी १८० अंश फिरवून पुन्हा मोजायचे. दोन उत्तरांतला आडवा फरक हा त्याच्या केंद्राच्या आडव्या सरकण्याच्या दुप्पट असतो. उंचीसाठी दोन खुणांतला चढउतार लेव्हलच्या दुर्बिणीने काढून उपग्रहांच्या उत्तराशी ताडायचा. जवळपास पत्र्याची शेड किंवा भिंत नको, कारण परावर्तित लहरी निकाल बिघडवतात.

ही तुलना सापेक्ष असते. जर्मनीतल्या हॅनोवर येथे यंत्रमानवाच्या हाती अँटेना देऊन, तो उघड्या आकाशाखाली हजारो स्थितींत वळवून निरपेक्ष मापे काढण्याची पद्धत विकसित झाली. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (उपग्रह-स्थाननिर्धारण) सेवेने २००६ मध्ये अशी निरपेक्ष मापे स्वीकारली. अनेक मॉडेलांची दुरुस्ती तिच्या तक्त्यांत मिळते.

या शिस्तीची परंपरा विदर्भालाही जवळची आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारले. मोजणीच्या साखळीची लांबी ताडण्यासाठी ते दुसरी साखळी प्रमाण म्हणून राखून ठेवत. साधन कितीही उत्तम असो, ते आधी तपासायचे, हा त्यांचा नियम होता.

भूकरमापकांनी आणि अभियंत्यांनी कामाआधी तीन गोष्टी पाहाव्यात: सॉफ्टवेअरमध्ये अँटेनाचे नेमके मॉडेल निवडले आहे का, उंची ठरलेल्या खुणेपासूनच घेतली आहे का, आणि ओळखीच्या बिंदूवर यंत्र ताडून पाहिले आहे का. आपल्या शेताची मोजणी करून घेणाऱ्यांनीही हे प्रश्न निःसंकोच विचारावेत.