मोबाईलच्या जगात मुलांची सुरक्षितता

आमच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांना मोबाईल वापरण्याची परवानगी नाही. परंतु दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुट्टी लागते, मूल घरी जाते आणि वडिलांचा किंवा थोरल्या भावंडाचा मोबाईल दिवसभर त्याच्या हाती येतो. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाईलवर भरली. म्हणूनच केवळ बंदी पुरेशी नाही. बंदी जेथे संपते, तेथून पुढचे शिक्षण आपण द्यावयास हवे.

धोका कोणत्या वाटेने येतो, हे पालकांनी प्रथम समजून घ्यावे. मोबाईलवरील खेळात एखादा अनोळखी ‘मित्र’ भेटतो. तो आपले वय मुलाइतकेच सांगतो, खेळात मदत करतो, कौतुक करतो. पुढे तो खासगी चॅटवर बोलू लागतो, ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ म्हणतो आणि छायाचित्र मागतो. ते हाती आले की भाषा बदलते : आणखी पाठव किंवा पैसे दे, नाहीतर हे सर्वांना दाखवीन. मूल मात्र निमूटपणे सहन करते. घरी कळले तर मार बसेल, मोबाईल जाईल, मुलगी असेल तर कदाचित शिक्षणही सुटेल, असे त्याला वाटते. गुन्हेगाराचे खरे शस्त्र छायाचित्र नसून ही भीती आहे.

ते शस्त्र निकामी करणे आपल्याच हाती आहे. पासवर्ड व ओटीपी कोणास सांगू नये, शाळेचे नाव दिसणारे गणवेशातील छायाचित्र अनोळखी व्यक्तीस पाठवू नये, हे तर शिकवावेच. परंतु त्याआधी पालकांनी मुलाला शब्द द्यावा : “तुझ्याकडून चूक झाली असली तरी मला सांग. सांगितल्याबद्दल तुला शिक्षा होणार नाही.” आणि प्रसंग आला की तो शब्द पाळावा.

असा प्रकार घडल्यास पैसे देऊ नयेत. संदेश पुसू नयेत. दिनांक व समोरच्याचे खाते दिसेल असे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि मगच ते खाते ब्लॉक करावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यातही तक्रार करता येते. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगे व मुली या दोघांनाही लागू आहे, आणि पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. तेव्हा बदनामीच्या भयाने कोणीही गप्प राहू नये.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. सुट्टी लागण्यापूर्वीची एक संध्याकाळ त्यांनी मुलांसोबत घालवावी, अशी आमची विनंती आहे. थोरल्या भावाने सांगितलेले मुले मन लावून ऐकतात. आणि ज्याच्यापाशी मन मोकळे करता येईल असा एक थोरला माणूस प्रत्येक मुलाला लाभावा, हीच आमची इच्छा आहे.