रस्त्याची नाडीपरीक्षा

बडोद्याहून मोटारीने मुंबईस जाणाऱ्या मंडळींना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ लागणारा सूर्या नदीवरील पूल ठाऊक असेल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. मागील आसनांवरील या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. परंतु आणखी एक गोष्ट होती : तीन पदरी रस्ता त्या पुलाच्या तोंडाशी अरुंद होऊन दोन पदरी होत होता. माणूस चुकतो, हे खरे. पण अशा चुकीस देहदंडच मिळावा अशी रस्त्याची रचना असेल, तर ते आधी कळण्याचा काही मार्ग आहे की नाही?

मार्ग आहेत, आणि ते एकाहून अधिक आहेत.

पहिला मार्ग हिशेबाचा. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरांच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. पद्धत सोपी आहे आणि पुरावा ठोस आहे. मात्र हा पुरावा माणसांच्या प्राणांनी गोळा होतो. शिवाय आकडे फसवे असतात. ताप अगदी चढला असता घेतलेल्या काढ्यास गुण दिला जातो. पण तो ताप पुष्कळदा आपणहूनच उतरणार असतो. तसेच ज्या वळणावर योगायोगाने एखाद्या वर्षी अपघात वाढले, तेथे काही न करताही पुढे ते घटतात. टोरांटोचे प्राध्यापक एझ्रा हाउअर यांनी या भ्रमावर उपाय मांडला : त्या ठिकाणची संख्या एकटी न पाहता, तशाच इतर रस्त्यांवर सरासरीने जे अपेक्षित असते त्याच्याशी तिचा मेळ घालावा.

दुसरा मार्ग अनुभवी नजरेचा, म्हणजे सुरक्षा ऑडिटचा. ज्याने रस्ता आखला नाही अशा जाणकार अभियंत्याने नकाशापासूनच दोष शोधायचे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० साली यासाठी मार्गदर्शिका काढली व २०१९ साली ती सुधारली. रस्ता खुला होण्यापूर्वीच दोष सापडू शकतो, हा याचा मोठा गुण. पण निष्कर्ष परीक्षकाच्या जाणतेपणावर अवलंबून राहतो, हे उणे.

तिसरा मार्ग तारांकनाचा. ‘आयरॅप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत दर १०० मीटरांची वळणे, कठडे, पदपथ, दुभाजक यांची नोंद करून एक ते पाच तारे दिले जातात. एक तारा म्हणजे सर्वाधिक धोका. मोटारीतील प्रवासी, दुचाकीस्वार, सायकलस्वार आणि पादचारी यांचे तारे वेगवेगळे असतात, ही त्यातील मर्माची गोष्ट होय. कारण मोटारीला सुखाचा असलेला रस्ता शाळेत निघालेल्या पोरांना जीवघेणा असू शकतो. तथापि चित्रीकरणाच्या दिवशी न दिसलेला आठवड्याचा बाजार किंवा पावसाळी रात्र या नोंदीतून निसटू शकते.

चौथा मार्ग थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांचा. चौकात उभे राहून, टक्कर होता होता किती वेळा टळली हे मोजायचे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने ही पद्धत विशेष जोपासली.

यांतील श्रेष्ठ कोणता? वस्तुतः कोणताही एक पुरेसा नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या सुधारित नियमांत रस्त्याची प्रत्यक्ष पाहणी मुख्य मानली आणि अपघातांच्या नोंदीची तिला जोड दिली. वैद्यही नाडी पाहतो आणि मागील दुखणीही विचारतो.

२०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर दगावली. आपल्या गावच्या वळणासाठी अर्ज लिहिताना आपण बहुधा मृतांची संख्या लिहितो. यापुढे हेही लिहावे, की पदपथ कोठे तुटला आहे, कठडा कोठे आडवा येतो आणि मागील महिन्यात कितीजण थोडक्यात वाचले. मृतांची यादी पुरी होण्याची वाट कोणत्याही रस्त्याने पाहू नये.