चिलटाचा डोळा आणि आपला रातांधळेपणा

द्राक्षांचा हंगाम आला की तासगावपासून कराडपर्यंत घरोघरी फळांच्या टोपलीवर चिलटे घोंघावू लागतात. बागाईतदार जिच्यावर औषध मारतात ती फळमाशी वेगळी. हे तिच्याहून लहान, तांबड्या डोळ्यांचे, आंबूस वासाला येणारे चिलट. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात. गृहिणी फडक्याने हाकलतात तेच चिलट प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांत निगुतीने वाढवले जाते. डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९७० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम रुजवले. आज याच संस्थेच्या बंगळूर येथील जीवशास्त्र केंद्रात डॉ. रघू पडिंजात यांचा गट चिलटाच्या डोळ्यावर संशोधन करतो.

एवढ्याशा किड्याच्या डोळ्यात पाहण्यासारखे काय असणार, असे वाचक विचारतील. पण माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांची भावंडे चिलटात सापडतात.

चिलटाचा एक डोळा म्हणजे सुमारे ८०० बारीक डोळ्यांची जाळी, आणि प्रत्येकात ८ प्रकाशपेशी. या पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन असते, आणि त्याच्या कुशीत अ जीवनसत्त्वापासून तयार झालेला एक रेणू. प्रकाश पडला की हा रेणू वळतो, ऱ्होडॉप्सिनचा आकार बदलतो, ते शेजारच्या प्रथिनाला जागे करते, ते पुढच्याला. शेवटी पेशीच्या आवरणातील दारे उघडतात व कॅल्शियम आत शिरते. १९६९ साली अशी चिलटे सापडली की ज्यांना सतत लख्ख उजेडात ठेवले तर काही क्षणांतच दिसेनासे होई. त्यांच्यात हे दारच बिघडलेले होते. त्याचे नाव टीआरपी (दूरचित्रवाणीचा टीआरपी तो निराळा!). पुढे १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी शोधले की मिरचीची आग ज्या दारातून कळते तेही याच घराण्यातले. त्या कामाला २०२१ चे नोबेल मिळाले. म्हणजे ठेचा खाऊन हाय-हुय करताना आपण चिलटाच्या डोळ्याच्या चुलतभावाशी गाठ घालत असतो.

मला मात्र मोलाचा वाटतो तो यापुढचा भाग. पाहण्याचे काम सुरू होणे जितके गरजेचे, तितकेच ते थांबणेही. जागे झालेले ऱ्होडॉप्सिन शांत करायला अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन चिकटते, जणू अटकच करते. काही सदोष चिलटांत ही जोडी सुटतच नाही, पेशीच्या पोटात साचते आणि पेशी मरते. आरडीजीबी हे आणखी एक प्रथिन, खर्ची पडलेला स्निग्ध पदार्थ आवरणात परत भरणारे. ते नसले तर उजेडात डोळा झिजत जातो.

माणसाच्या दंडपेशींत दाराची रीत उलटी आहे, प्रकाशात ते बंद होते. पण ऱ्होडॉप्सिन आणि अरेस्टिन आपल्याकडेही आहेत. अरेस्टिन बिघडले की ओगुची नावाचा जन्मजात रातांधळेपणा येतो. तो सहसा वाढत नाही. ऱ्होडॉप्सिनच्याच जनुकातील दोष १९९० साली रेटिनायटिस पिगमेंटोजा या आजारात सापडला. यात दंडपेशी हळूहळू मरतात, आधी रात्रीचे दिसत नाही, मग कडेचे, आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखे होते.

म्हणून दिवेलागणीला ठेचकाळणारे प्रत्येक मूल 'अ जीवनसत्त्व कमी' म्हणून सोडून देऊ नये. ती कमतरता असेल तर औषधाने आठवड्याभरातही फरक दिसतो. शेवगा, पपई, भोपळा, अंडी ताटात हवीतच. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ९ डोस मिळतात, तेही चुकवू नयेत. पण त्याने उजेड पडला नाही, किंवा घरात आणखी कोणाला तसाच त्रास असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा. स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू नयेत. जास्तीचे अ जीवनसत्त्व यकृताला बाधते.

आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल अजून आहे. दोघांतही एकच सुप्त दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. घराण्यात असा रातांधळेपणा असेल तर सोयरीक ठरण्याआधीच आनुवंशिक सल्ला घ्यावा. याच्या एका दुर्मिळ प्रकारावर, आरपीई६५ जनुकाच्या दोषावर, २०१७ साली अमेरिकेत जनुक-उपचाराला मान्यता मिळाली. त्याचा खर्च मात्र कोटींत जातो. बाकी प्रकारांत पडदा पूर्ववत करणारे औषध नाही, त्यामुळे 'रातांधळेपणा हमखास बरा' अशा जाहिरातींमागे शेत गहाण टाकू नये. रोग्याने रात्री मोटारसायकल चालवू नये, आणि दृष्टी फार कमी झाली असेल तर अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.